‘जसं दिसलं तसं लिहा’ म्हणणाऱ्या अक्का

कुमुद नेहेते यांना, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्कांना, मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता. आमच्या शिक्षणसंस्थेचे मुख्य कार्यालय जळगावला, आणि धुळ्याच्या महाविद्यालयातला संगणक विभाग अक्कांच्या ताब्यात. मला जळगावहून तिकडे एक प्रोग्राम बसवायला पाठवले होते. तो बसेना. मी खुर्ची मागे सारून मोठ्या आवाजात जाहीर केले, “मॅडम, काहीतरी एरर येतीये.”

अक्कांनी चष्मा कपाळावर चढवला. “‘काहीतरी’ नावाची एरर मी अजून पाहिलेली नाही,” त्या म्हणाल्या. “पडद्यावर काय लिहिलंय ते या वहीत उतरवून काढा. जसं दिसलं तसं. मग बोलू.”

मी जळगावच्या मारवाडी कापड-दुकानदाराच्या घरातला. शिकून इंजिनियर झालेला घरातला पहिलाच, त्यामुळे डोके जरा जास्तच वर. वहीत एरर उतरवायची म्हणजे शाळेत फळ्यावरचे लिहून घेण्यासारखे वाटले. पण त्यांच्या आवाजात असे काही होते की मी मुकाट्याने लिहायला बसलो. तिसऱ्या ओळीत एका फाईलचे नाव होते, ते मी घाईत वाचलेच नव्हते. ती फाईल मी जळगावला विसरून आलो होतो. अक्कांनी वही मिटली, आणि तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ‘तुम्ही’चा ‘तू’ झालो.

ती वही ही अक्कांच्या कामाची रीत होती. धुळ्याला तर होतीच, पण शिरपूर, साक्री, पिंपळनेर अशा आमच्या सगळ्या शाखांना त्यांनी एकेक वही देऊन ठेवली होती. यंत्राने काही तक्रार केली की आधी वहीत लिहायचे, मग फोन करायचा. इंग्रजी येत नसेल तर अक्षरे चित्रासारखी काढायची. अंदाज लिहायचा नाही, ‘बंद पडले’, ‘चालत नाही’ असले शब्द लिहायचे नाहीत. शाखांमधली मंडळी या वहीला वैतागत. मी तर जळगावच्या ऑफिसात अक्कांची नक्कल करून दाखवायचो, चष्मा कपाळावर चढवून. ती नक्कल चांगली वठायची, हे कबूल करायला हरकत नाही.

मात्र अक्कांचा कडकपणा यंत्राच्या बाबतीत होता, माणसाच्या बाबतीत नव्हे. माझ्या घरी कांदा-लसूण चालत नाही. खानदेशात शेवभाजी कांदा-लसणाशिवाय करणे म्हणजे जवळपास गुन्हाच. तरी मी धुळ्याला जाणार असलो की अक्का माझ्यासाठी वेगळ्या छोट्या डब्यात तशी शेवभाजी करून आणत आणि वर सगळ्यांना सांगत, “याच्या डब्याला हात लावू नका, त्यात काही चव नाही.” चव होती. रावेरकडच्या केळीवाल्या घरातून आलेल्या या बाईंना पाहुण्याला उपाशी ठेवणे ठाऊकच नव्हते. माझ्या वडिलांना माझे काम नेमके काय आहे हे कळत नसे. एकदा जळगावला आल्या असताना अक्का आमच्या दुकानात गेल्या, लुगड्याचा भाव विचारता विचारता वडिलांशी अर्धा तास बोलल्या, आणि त्या दिवसापासून वडिलांनी मला दुकानात बसायचा आग्रह करणे सोडून दिले. काय बोलल्या ते दोघांनीही मला कधी सांगितले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या अशा गौरव अंकात लेखकाने आपल्या मोठेपणाचा एखादा प्रसंग हळूच सरकवायचा असतो. मी माझ्या लहानपणाचा सांगणार आहे.

ही त्या काळातली गोष्ट आहे जेव्हा आमची संस्था परीक्षेची प्रवेशपत्रे पहिल्यांदाच वेबसाइटवरून देऊ लागली होती. वेबसाइट मी बनवली होती. प्रत्येक शाखेतल्या कारकुनाने आपल्याकडच्या परीक्षार्थींची प्रवेशपत्रे तिथून उतरवून, म्हणजे डाउनलोड करून घ्यायची, छापायची आणि वाटायची. परीक्षेच्या थोडे आधी मी साइट नव्या, सुरक्षित पत्त्यावर नेली. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी छोटे कुलूप दिसते, तसा पत्ता. त्यासोबत सुरक्षेचा आणखी एक उपाय केला, ज्याचा मला फार अभिमान होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

पिंपळनेर शाखेत रमणभाऊ नावाचे कारकून होते. निवृत्तीला काही महिने उरलेले, अहिराणी बोलणारे, अत्यंत सावकाश. त्यांचा फोन आला की प्रवेशपत्रांची फाईल उतरत नाही. मी माझ्या यंत्रावर बघितले, फाईल झटकन उतरली. मी म्हणालो, “कॅश क्लिअर करून बघा.” ब्राउझर पाहिलेली पाने तात्पुरती जिथे साठवून ठेवतो, त्या साठ्याला आमच्या धंद्यात कॅश म्हणतात, आणि तो साफ केला की निम्म्या तक्रारी मिटतात.

दीड तासाने रमणभाऊंचा पुन्हा फोन. “साहेब, कॅश क्लिअर करी टाकी. बँकमा भरी उनू. तरी फाईल उतरत नही.”

त्यांनी फीची खिडकी बंद केली होती, पेटीतली सगळी रोकड मोजून बँकेत भरली होती आणि पावती समोर ठेवून मला फोन केला होता. आज मला हे लिहिताना हसू आवरत नाही, आणि कापड-दुकानदाराच्या मुलाने तरी ‘कॅश’ हा शब्द जपून वापरायला हवा होता. पण तेव्हा मला वाटले, म्हातारा माझी टिंगल करतोय. मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार आली. मी सर्व्हरची नोंद काढून पाहिली, जिला लॉग म्हणतात. त्यात स्वच्छ दिसत होते की पिंपळनेरहून फाईल मागितली गेली आणि सर्व्हरने ती पूर्ण पाठवली. एकदा नव्हे, दहा-बारा वेळा. माझ्या दृष्टीने प्रकरण संपले होते. मी मुख्य कार्यालयाला लेखी कळवले की फाईल शाखेत पोहोचलेली आहे आणि प्रवेशपत्रे न मिळण्याचे कारण शाखेतील कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा हे आहे. कार्यालयाने माझ्या पत्राच्या आधारावर रमणभाऊंना ‘कारणे दाखवा’ नोटीस काढली. सगळी नोकरी एकही ठपका न घेता केलेल्या माणसाला, शेवटच्या वर्षात.

हे अक्कांच्या कानावर गेले तेव्हा परीक्षा परवावर आली होती. परीक्षार्थी म्हणजे आसपासच्या पाड्यांवरच्या अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेतले कर्मचारी, बाहेरून पदवी करणारी मंडळी. अक्कांनी आधी पिंपळनेरची सगळी प्रवेशपत्रे धुळ्याला स्वतःच्या विभागात छापली, गठ्ठा बांधला आणि दुपारच्या एसटीच्या कंडक्टरच्या हवाली केला. कोणाचीही परीक्षा हुकली नाही. मग परतीच्या गाडीने त्यांनी रमणभाऊंची वही मागवून घेतली, आणि मला धुळ्याला बोलावले.

मी गेलो तो लॉगचे कागद छापूनच. अक्कांच्या टेबलावर ते ठेवले. त्यांनी ते शांतपणे ओळ न ओळ वाचले. मग वही माझ्यापुढे सरकवली. रमणभाऊंनी मोठ्या, थरथरत्या इंग्रजी अक्षरांत पडद्यावरचा सगळा मजकूर उतरवला होता. ते काढायला त्यांना पाव तास तरी लागला असेल. त्याचा अर्थ असा की ही साइट उपलब्ध नाही किंवा सापडत नाही.

“बघा,” मी म्हणालो, “साइट सापडत नाही म्हणे. आणि इथे लॉगमध्ये फाईल गेलेली दिसते. म्हणजे ते खोटं लिहीत आहेत, नाहीतर पत्ता चुकीचा टाकत आहेत.”

अक्का एरवी ऑफिसात शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात. राग आला की रावेर बाहेर येते. “अरे, तुहा लॉग खरं बोलतो, मान्य. त्यायची वही बी खरं बोलते. मंग मधात कोनी तरी हाये ना?” एवढे म्हणून त्यांनी वहीच्या समासातल्या एका ओळीवर बोट ठेवले. ती ओळ मी वाचलीच नव्हती. रमणभाऊंनी पेन्सिलीने लिहिले होते, ‘कुलूप दिसस तवय फाईल उतरत नही. कुलूप नही तवय उतरस.’

जुना, बिनकुलपाचा पत्ता मी अजून बंद केला नव्हता. त्यावर चाचणीसाठी ठेवलेली एक फाईल होती. रमणभाऊंनी दोन्ही पत्ते टाकून पाहिले होते आणि फरक टिपून ठेवला होता. जो शोध इंजिनियरने लावायचा तो पिंपळनेरच्या कारकुनाने लावला होता, आणि मी त्याला निष्काळजी ठरवले होते.

अक्का उठल्या, अडगळीच्या खोलीत गेल्या आणि एक जुने यंत्र पुसत पुसत स्वतः घेऊन आल्या. पिंपळनेरच्या शाखेत होते तसेच, तोच जुना ब्राउझर असलेले. जळगावला माझ्याकडे नवा होता, धुळ्याला त्यांच्याकडेही नवा, म्हणून आम्हा दोघांकडे सगळे सुरळीत चालत होते. त्यांनी चार वेळा फाईल मागितली. नव्या ब्राउझरने कुलपासह, नव्याने कुलपाशिवाय, जुन्याने कुलपाशिवाय. तिन्ही वेळा फाईल उतरली. चौथ्यांदा जुना ब्राउझर आणि कुलूप एकत्र आले, आणि पडद्यावर रमणभाऊंच्या वहीतला मजकूर अक्षर न अक्षर उमटला.

“आता सांग,” अक्का म्हणाल्या, “फाईलसोबत चिठ्ठीत काय लिहून पाठवतोस?”

वाचकांसाठी सांगतो. सर्व्हर कोणतीही फाईल पाठवताना तिच्यापुढे काही ओळींची चिठ्ठी जोडतो. ती माणसाला दिसत नाही, ब्राउझर वाचतो. तिला हेडर म्हणतात. फाईल कसली आहे, किती मोठी आहे, साठवून ठेवायची की नाही, हे त्यात असते. मी अभिमानाने केलेला सुरक्षेचा उपाय तिथेच होता. सामायिक यंत्रावर कोणाची कागदपत्रे मागे राहू नयेत म्हणून मी सरसकट प्रत्येक फाईलच्या चिठ्ठीत लिहिले होते की ही कुठेही साठवू नका. नवे ब्राउझर त्याचा अर्थ समजुतीने घेत. जुना ब्राउझर सुरक्षित पत्त्यावर ही आज्ञा इतकी तंतोतंत पाळायचा की फाईल हातात आली तरी ती क्षणभरही खाली ठेवायचा नाही. मग ती उघडणारा प्रोग्राम शोधायला गेला की तिथे काहीच नसे, आणि ब्राउझर सांगून मोकळा होई की साइटच सापडत नाही.

मी चिठ्ठीतल्या ओळी वाचून दाखवल्या. अक्का म्हणाल्या, “म्हणजे जेवणाचा डबा तू हातात द्यायचा, खाली ठेवू नको म्हणून दम द्यायचा, आणि जेवला नाही म्हणून नोटीसही तूच काढायची.”

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. उतरवून घ्यायच्या फायलींपुरत्या त्या ओळी काढल्या आणि त्यांच्या जागी, फक्त मागणाऱ्याने स्वतःपुरते ठेवावे, अशी ओळ लिहिली. अक्कांनी पिंपळनेरला फोन लावून रिसिव्हर माझ्या कानाजवळ धरला. पलीकडून आधी माऊसचे टकटक, आणि मग रमणभाऊंचा आवाज, “उतरनी. उतरनी, अक्का.”

तिथेच बसून मी कार्यालयासाठी दुसरे पत्र लिहिले: ‘तांत्रिक कारणाने अडचण उद्भवली होती. ती दूर करण्यात आली आहे. तरी नोटिशीचा फेरविचार व्हावा.’ अक्कांनी वाचले. “उद्भवली? जमिनीतून?” त्यांनी विचारले. “या तीन वाक्यांत कर्ता कुठे आहे?”

मी म्हणालो, सरकारी भाषा अशीच असते. त्यांनी पत्रावर पुन्हा नजर टाकली आणि मला परत दिले. ते खोडून त्यांनी स्वतः लिहिले असते तर मी सहीही केली असती, पण दुसऱ्याचे वाक्य आपण लिहायचे नाही हा त्यांचा स्वभाव. एवढेच म्हणाल्या, “रमणभाऊंना मात्र तू स्वतः सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, अक्का समजूत काढतेय.” मी हो म्हणालो. दोन आठवड्यांनी त्यांनी विचारले, “सांगितलंस का?” मी म्हणालो, “हो, फोन केला होता.”

मी फोन केलेला नव्हता. करणार होतो, रोज उद्या करणार होतो. पुढे रमणभाऊ निवृत्त झाले आणि मग तर फोन करायला काही निमित्तच उरले नाही. मीही पुढे गेलो, मोठ्या पदावर आलो, माझ्या हाताखालच्या मंडळींना वह्या दिल्या आणि ‘जसं दिसलं तसं लिहा’ असे चष्मा कपाळावर चढवून सांगू लागलो. आता ती नक्कल राहिली नव्हती.

या गौरव अंकाच्या निमित्ताने जुन्या सहकाऱ्यांना आमंत्रण द्यायचे काम समितीने माझ्याकडे दिले. मी गेल्या महिन्यात पिंपळनेरला रमणभाऊंच्या घरी गेलो. अंगणात खाट टाकून बसले होते. कान थोडे मंद झालेत, बाकी प्रकृती ठणठणीत. अक्कांच्या साठीचे नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला. घरातून एक फाईल मागवली, तिच्यातून मुख्य कार्यालयाचे पत्र काढले आणि माझ्या हातात ठेवले. ते पत्र मी कधी पाहिले नव्हते. कार्यालयाने ते परस्पर पाठवले होते, अक्कांनीही पाहिलेले नसावे. त्यात लिहिले होते की तांत्रिक बाब लक्षात घेता संबंधित कर्मचाऱ्यास समज देऊन प्रकरण बंद करण्यात येत आहे.

समज देऊन. माझ्या पत्रात कर्ता नव्हता, म्हणून कार्यालयाने आपल्या सोयीचा कर्ता घातला होता.

“चूक मनी व्हती, भाऊ,” रमणभाऊ अगदी शांतपणे म्हणाले. “कायतरी उलटंसुलटं दाबाई गयं व्हई. पन अक्कानी माले वाचाडं. बठ्ठी नोकरीमा तेवढाच एक डाग शे.”

मी त्यांच्या खाटेवर त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो आणि सगळे सांगितले. चिठ्ठीतल्या ओळी मी लिहिल्या होत्या हे सांगितले. निष्काळजीपणाचे पत्र माझे होते हे सांगितले. अक्कांनी मला हे तेव्हाच त्यांना कळवायला सांगितले होते आणि फोन केला म्हणून मी अक्कांशी खोटे बोललो, हेही सांगितले. त्यांच्या समासातल्या पेन्सिलीच्या ओळीवरून आम्हाला कारण सापडले, ते सगळ्यांत शेवटी सांगितले.

ते रागावतील, निदान गप्प होतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “मंग मी लिखेल व्हतं ते बरोबर व्हतं?”

“अक्षर न अक्षर, भाऊ,” मी म्हणालो.

ते घराकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, “आयकस का? ते कुलूपनं बरोबर व्हतं.” आतून त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना हे कुलूप कसले ते विचारावे लागले नाही. म्हणजे इतकी वर्षे या घरात ती ओळ बोलली जात होती, बरोबर की चूक हे न कळता.

मी जळगावला परतलो आणि कार्यालयाला तिसरे पत्र दिले. ते रमणभाऊंच्या सेवापुस्तकाला जोडले गेले आहे, आणि त्याची प्रत मी पिंपळनेरला पाठवली आहे. त्यातले पहिले वाक्य असे आहे: ‘चूक मी केली होती.’

अक्का, तुम्ही हे इथेच पहिल्यांदा वाचत आहात. तुम्ही कधी कोणाची चूक चारचौघांत काढली नाही, म्हणून मीच ती चारचौघांत ठेवतो आहे. तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सर्वांच्या वतीने एवढीच इच्छा की तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे आणि डोळे शेवटपर्यंत साथ देवोत, आणि रावेरच्या मळ्यात केळीच्या सावलीला बसून निवृत्तीचे दिवस मजेत जावोत. रमणभाऊ कार्यक्रमाला येणार आहेत. त्यांच्या पत्नीही येणार आहेत. सत्कार झाल्यावर मंचावर जाऊन माइक मागणार, असे रमणभाऊंनी मला बजावून ठेवले आहे, आणि काय बोलणार ते सांगायला साफ नकार दिला आहे.